शेडवर लॅपटॉप कासव, घरी गेला की ससा. काय भानगड?

शिरोलीकर_जॉबवर्क | सोमवार, दुपारी १२:१०

मंडळी, नमस्कार. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं जॉबवर्कचं शेड आहे. दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), एक जुनी सीएनसी लेथ. फाउंड्रीतनं सीआयची (कास्ट आयर्न, म्हणजे बिडाची) कास्टिंग येतात, आम्ही मशिनिंग करून परत देतो. ऑफिसचं सगळं काम एकाच लॅपटॉपवर चालतं. थिंकपॅड टी४८०, आय५ आठवी पिढी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. २०२१ ला सेकंडहँड घेतला होता. टॅली, ई-वे बिल, पार्टीची ड्रॉइंग आणि लेथला प्रोग्रॅम पाठवणं, एवढाच संसार.

गेले दोन महिने सकाळचे अकरा वाजले की मशीन आडवं पडतंय. एक्सेल उघडायला मिनिट. माउस हलवला की बाण निवांत मागनं येतोय. टॅलीत एक व्हाउचर टाकेपर्यंत चहावर साय धरते. आणि गंमत अशी की तोच लॅपटॉप रात्री घरी उघडला की पळतोय. बायको म्हणते, तुमच्या शेडलाच बाधा झालीय, लिंबू-मिरची बांधा.

एका दुकानात दाखवला. त्यानं झाकण न उघडताच "मदरबोर्ड गेलाय, नवीन बघा" सांगितलं. नवीन म्हणजे पन्नास हजाराच्या पुढं. पार्ट्यांचं पेमेंट नव्वद दिवसांनी येतंय, तेव्हा उगाच खर्च नको. कुणी सांगेल का, हे आठ वर्षांचं म्हातारं अजून चालण्यासारखं आहे की नाही?

टिचकी | सोमवार, १२:२२

लिंबू-मिरची यूएसबीची मिळते का बघा.

पुण्यात_अडकलेला | सोमवार, १२:४०

भावा, आठ जीबी रॅममध्ये आता काय होत नाही. ब्राउझरचे दहा टॅब उघडले की रॅम संपली. १६ कर आणि विषय संपव. टी४८० ला दोन स्लॉट आहेत, डीडीआर४ लागते, २४०० ची. तुझ्यात एकच स्टिक असणार, दुसरी आठची टाक. दोन स्टिक झाल्या की ग्राफिक्सलाही बरं पडतं, कारण त्याला वेगळी मेमरी नाही, रॅममधलीच उसनी घेतो.

फक्त रॅमचे भाव गेल्या वर्षअखेरीपासून जाम चढलेत. एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी बाजार उचललाय. लग्नसराईत सोनं घ्यायला गेल्यासारखं वाटेल.

पेंग्विनप्रेमी | सोमवार, १२:५५

विंडोज काढा, लिनक्स मिंट टाका. थिंकपॅडवर लिनक्स म्हणजे दुधात साखर. सगळे ड्रायव्हर जागच्या जागी मिळतात.

खतावणी | सोमवार, दुपारी १:०५

@पेंग्विनप्रेमी, आणि टॅली कुठे चालवायचं त्यांनी? डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन? दर धाग्यावर हेच सांगता तुम्ही. हलके घ्या :)

सोल्डरगन | सोमवार, १:३०

रॅम नंतर. लिनक्सही नंतर. घरी पळतो आणि शेडवर बसतो म्हणजे मदरबोर्ड गेलेला नाही. गेलेल्या मदरबोर्डला पत्ता कळत नाही.

धागाकर्ते, उद्या अकराला मशीन बसलं की एवढं करा:

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा. खाली "स्पीड" लिहिलंय तिथं काय आकडा आहे तो सांगा. आणि शेडवर चार्जर कुठला लावता, घरी कुठला लावता, दोन्हीच्या पोटावर छापलेलं बारीक अक्षर वाचून इथं टंका. अंदाजानं नको.

शिरोलीकर_जॉबवर्क | मंगळवार, सकाळी ११:२५

दादा, स्पीड ०.३९ गिगाहर्ट्झ. मघापासून बघतोय, ३९ चं ४० पण होईना. काहीही उघडा, तिथंच खिळलाय.

घरचा चार्जर लॅपटॉपबरोबर आलेला. त्यावर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर.

शेडवरचा चार्जर मोबाईलचा आहे, टाईप-सी, पुतण्यानं दिलेला. वर मोठ्या अक्षरात ६५ वॉट. बारीक अक्षर वाचायला जॉब तपासायचं भिंग आणलं. एकामागोमाग पाच-सहा ओळी आहेत. त्यात २० व्होल्टपुढं १.५ अँपिअर लिहिलंय. हा काय प्रकार?

सोल्डरगन | मंगळवार, ११:५०

सापडला चोर.

वीस गुणिले सव्वातीन म्हणजे ६५ वॉट. वीस गुणिले दीड म्हणजे ३०. तो ६५ चा आकडा त्या कंपनीच्या स्वतःच्या मोबाईलपुरता खरा. त्यांची आपसातली वेगळी भाषा असते. लॅपटॉप पॉवर डिलिव्हरीची भाषा बोलतो आणि त्या भाषेत हा चार्जर तिसाच्या वर कबूल होत नाही. लॅपटॉपला निदान पंचेचाळीस पाहिजेत, चांगले पासष्ट.

आता अकराच का, ते सांगतो. घरून निघताना बॅटरी भरलेली असते. सकाळी दोन तास चार्जर तीस देतो आणि वरचं बॅटरी पदरचं घालते. अकराला बॅटरी बसली की सगळा भार तिसावर. अशा वेळी मशीन बंद पडण्यापेक्षा प्रोसेसरचा गळा आवळून ४०० मेगाहर्ट्झवर बसतं. उसाच्या भरल्या गाडीला एकच बैल जुंपलाय, तो दुडकी कुठनं धरणार?

चालू करताना चार्जर कमी ताकदीचा असल्याची सूचना येत असणार. येते का?

शिरोलीकर_जॉबवर्क | मंगळवार, दुपारी १२:०५

येते की. मी रोज एंटर मारून पुढं जातोय.

टिचकी | मंगळवार, १२:०६

🙏

शिरोलीकर_जॉबवर्क | मंगळवार, रात्री ९:४०

दुपारी पोराला घरी पिटाळून मूळ चार्जर मागवला. लावल्या लावल्या आकडा ०.३९ वरनं थेट ३.१. जाग्यावर पलटी! दोन महिने मी त्या दुकानदाराला, विंडोजला आणि नशिबाला शिव्या घातल्या, आणि दोष एका उसन्या चार्जरचा.

शेडसाठी ६५ वॉटचा दुसरा मागवलाय, यावेळी बारीक अक्षर वाचून. पण धागा संपवू नका. वेग आला तसा पंखा बोंबलायलाय. तळ इतका तापतोय की मांडीवर ठेवता येईना.

सोल्डरगन | मंगळवार, रात्री १०:१५

तापमान मोजा. एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. टॅली आणि ड्रॉइंग एकदम उघडून पाच मिनिटं बघा. या प्रोसेसरची हद्द १०० अंश. सत्तर-ऐंशीला सुखात असतो. पंच्याण्णवला खेळत असेल तर उघडावाच लागेल.

त्याचबरोबर बॅटरीची जन्मकुंडली काढा. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट. एक फाइल तयार होईल. त्यात डिझाईन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी अशा दोन ओळी. टी४८० मध्ये बॅटऱ्या दोन, एक पोटात आणि एक मागं खटक्याची, म्हणून दोघींचे आकडे वेगळे येतील.

शिरोलीकर_जॉबवर्क | बुधवार, सकाळी १०:०५

तापमान ९६, ९७. एकदा ९९ बघितलं.

बॅटरी: पोटातली डिझाईन २४ हजार, आता ९ हजार. मागची डिझाईन २४ हजार, आता १४ हजार. कसले हजार ते कळलं नाही, पण उधारी वसूल व्हावी तसे दिसतायत.

सोल्डरगन | बुधवार, १०:३०

मिलिवॉट-अवर. पोटातली फुगली नाही ना, ते उघडल्यावर बघा. टचपॅड वर आलंय का, क्लिक अडकतंय का? तसं असेल तर आधीच थांबा. फुगलेली बॅटरी दाबायची, टोचायची किंवा स्क्रू ड्रायव्हरनं उचकटायची नाही. ती कचऱ्यातही टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडं द्यायची.

उघडण्याआधी सुरू करताना एफ-१ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणारी मशीनची मूळ सेटिंग्ज) जा. कॉन्फिग, मग पॉवर, तिथं "डिसेबल बिल्ट-इन बॅटरी" आहे. ते केलं की मशीन आपोआप बंद पडतं. मग चार्जर काढा, मागची बॅटरी काढा. हे न करता बोर्डाला स्क्रू ड्रायव्हर लावलात तर पुढचा धागा खरंच मदरबोर्डाचा निघेल. काम झाल्यावर चार्जर लावला की पोटातली बॅटरी परत जागी होते.

खालचे स्क्रू झाकणातून सुटून येत नाहीत, सैल होऊन तिथंच राहतात. ओढू नका. झाकण बिजागरीकडून नखानं नाही तर जुन्या एटीएम कार्डानं सोडवत या.

पावसाळी_गुरुजी | बुधवार, दुपारी २:१०

वाचतो आहे. वाचनखूण साठवली. अवांतर प्रश्न विचारू का? आमच्याकडे गगनबावड्याला सहाव्या पिढीचा बिझनेस लॅपटॉप आहे, टी४६०. विंडोज १० आहे. ऑक्टोबरपासून रोज वर पाटी येते की सपोर्ट संपला. विंडोज ११ घेत नाही म्हणतो. शाळेचे अर्ज, पीडीएफ आणि यूट्यूब एवढाच वापर. टाकून द्यायचा का?

पेंग्विनप्रेमी | बुधवार, २:१२

माझी वेळ आली.

पुण्यात_अडकलेला | बुधवार, २:३०

गुरुजी, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं. म्हणजे मशीन बंद पडत नाही, फक्त सुरक्षेचे ठिगळ मिळायचे थांबतात. एक वर्षाची वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसेल. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर वेगळे पैसे पडत नाहीत.

विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून रीतसर चालतं, म्हणून धागाकर्त्याचं टी४८० बसतं आणि तुमचं सहाव्या पिढीचं बसत नाही. यूट्यूबवर जुगाड दाखवतात, पण शाळेच्या मशीनवर नको. उद्या एखादं अपडेट अडलं तर निस्तरणार कोण?

तेव्हा यंदा वाढीव मुदत घ्या, आणि हे लिहिताना बोटं थरथरतायत, पण पुढं मिंटच टाका. तुमच्या कामाला पुरेल.

पेंग्विनप्रेमी | बुधवार, २:३१

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

सोल्डरगन | बुधवार, ३:००

गुरुजी, ओएसपेक्षा तुमच्याकडची हवा जास्त वाईट. तिकडं पावसाळ्यात चपलेला बुरशी येते, लॅपटॉपला का येणार नाही? जूनपासून चार महिने कपाटात झाकून ठेवू नका. रोज अर्धा तास चालू करा, स्वतःच्या उष्णतेनं आतून वाळतो. सिलिका जेलच्या पुड्या डब्यात घालून लॅपटॉप त्यात ठेवला तर उत्तम. बॅगेत ओला टॉवेल आणि लॅपटॉप एकत्र घालणारे शिक्षक मी बघितलेत.

शिरोलीकर_जॉबवर्क | गुरुवार, रात्री ८:५०

उघडला. शहाणपणाबरोबर मूर्खपणाही सांगतो, म्हणजे दुसऱ्याचं वाचेल.

झाकण काढल्यावर बॅटरी सपाट निघाली, देवाची कृपा. पण पंख्याच्या तोंडाशी जाळीवर धुळीची वाकळ. नखानं उचलली तर अख्खी सोलून आली, पापडासारखी. घरातली धूळ राखाडी असते, ही काळी कुळकुळीत. सीआय आम्ही सुकंच मशिनिंग करतो. त्याची स्टीलसारखी कुरळी चिप येत नाही, भुकटी पडते. त्यात ग्रॅफाइट. हाताला लागली तर पेन्सिलीसारखी ओढ उठते. स्पीकरजवळ तर लोखंडाच्या मिशा उगवल्या होत्या, चुंबकाला धरून उभ्या.

मी चहा प्यायला उठलो. तेवढ्यात आमच्या हेल्परनं मदत म्हणून कंप्रेसरची नळी आणली आणि पंख्यावर सोडली. सात किलोचं प्रेशर. पंखा शिट्टी वाजवत असा फिरला की मी केबिनबाहेरनं ओरडलो, पण तोवर टण्ण! एक पातं तुटून जाळीत अडकलं. वर नळीतनं आलेलं पाणी आणि तेल बोर्डावर शिंपडलं, ते वेगळं.

त्याला बोललो नाही. मशीनवरचा जॉब रोज तसाच पुसायला मीच शिकवलंय.

आता काय?

टिचकी | गुरुवार, ९:००

यावेळी हसलो नाही. आमच्याकडं पण झालंय.

सोल्डरगन | गुरुवार, ९:२०

मशीन चालू करू नका. आधी बोर्डावरचं पाणी-तेल. ९९ टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयपीए म्हणून मिळतो. मऊ ब्रशनं पुसून काढा, रात्रभर उघडं वाळू द्या. तुमच्याकडची धूळ वीज वाहते, म्हणून कनेक्टरच्या फटी आणि रॅमचे स्लॉट नीट बघा. साधी घरची धूळ मी निम्मी सोडून देतो, ही एक कण सोडू नका.

पंखा एकटा येत नाही, हिटसिंकसकट (चिपची उष्णता ओढून घेणारा भाग) जोड येतो. मागवताना तुमच्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का ते बघा. एमएक्स१५० वाल्याचा जोड वेगळा असतो, दोन चिपांवर बसणारा. तुमचं साधं दिसतंय, तरी जुन्या भागावरचा नंबर वाचूनच ऑर्डर द्या.

बसवताना चिप आणि हिटसिंकमधली जुनी पेस्ट आयपीएनं पूर्ण काढा. काच पुसल्यासारखी चिप दिसली पाहिजे. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, मध्यभागी. बोटानं लेपू नका, चिप म्हणजे पुरणपोळी नव्हे. हिटसिंकच्या स्क्रूजवळ १, २, ३, ४ आकडे कोरलेत. त्या क्रमानं आणि थोडं थोडं पिळा. एकच पूर्ण आवळला तर दुसरी कड उचलते. सिलिंडर हेड बसवणाऱ्याला हे मी काय सांगणार.

आणि पुढं कधी हवा मारायचीच झाली तर फोटोग्राफरचा रबरी फुगा, आणि पंख्यात काडी घालून तो अडवून.

शिरोलीकर_जॉबवर्क | गुरुवार, ९:३५

सिलिंडर हेड म्हटल्यावर डोक्यात बसलं, दादा. जोड मागवतो.

खतावणी | शुक्रवार, सकाळी १०:५०

भाग येईपर्यंत माझी गोष्ट सांगते, कारण धागाकर्ते यानंतर बायोस अपडेट करणार हे दिसतंय.

माझं शाहूपुरीत कर सल्ल्याचं काम. मागच्या वर्षी १९ तारखेच्या रात्री, म्हणजे जीएसटीचं ३बी रिटर्न भरायच्या आदल्या रात्री, लॅपटॉपनं बायोस अपडेट मागितलं. दिलं. पुन्हा सुरू झाला तो निळा पडदा आणि त्यावर ४८ आकडी किल्लीची मागणी. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचा ड्राइव्हला लागणारा टाळा. मी तो कधी चालू केल्याचं मला आठवतही नव्हतं.

ही किल्ली बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते. माझ्या खात्यात बघितलं तर नाही. तासाभरानं डोक्यात प्रकाश पडला. लॅपटॉप ज्यानं सुरू करून दिला, त्यानं पहिल्यांदा स्वतःचा ईमेल घातला होता. किल्ली त्याच्या खात्यात! रात्री साडेअकराला त्याला उठवलं. त्यानं डोळे चोळत ४८ आकडे फोनवर वाचून दाखवले. एकदा चुकले, दुसऱ्यांदा बरोबर आले. सत्तर अशिलांची रिटर्न त्या आकड्यांच्या पलीकडे बसली होती.

म्हणून बायोसला किंवा बोर्डाला हात लावायच्या आधी बिटलॉकरमध्ये जाऊन "सस्पेंड प्रोटेक्शन" करा. किल्ली कागदावर छापा आणि लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे, घरच्या फायलीत ठेवा. सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर खातं कुणाच्या नावावर आहे ते पहिल्याच दिवशी बघा.

पुण्यात_अडकलेला | शुक्रवार, ११:१५

ताईंना +१. सेकंडहँडवरनं आठवलं. कंपन्यांतनं निघालेले लॅपटॉप ढिगानं विकायला येतात, किंमत बघून जीव भुलतो. घ्यायच्या आधी दोन गोष्टी दुकानातच करा. बायोसमध्ये शिरून बघा, सुपरवायझर पासवर्ड मागत असेल तर हात जोडून परत या. आणि विंडोज रिसेट करून वायफायला जोडा. जुन्या कंपनीच्या खात्यातली नोंद काढायची राहिली असेल तर पडद्यावर जुन्या कंपनीचं नाव येतं आणि त्यांचा लॉगिन मागतो. मग ते मशीन तुमचं नाही, तुम्ही फक्त सांभाळताय.

आणि टी४८० वाल्यांनी थंडरबोल्टचं (टाईप-सी पोर्ट चालवणाऱ्या चिपचं) फर्मवेअर ताजं आहे का, तेही बघावं. जुन्या फर्मवेअरमुळं टाईप-सी चार्जिंग आणि एचडीएमआय दोन्ही कोमात जाऊ शकतं. दुरुस्त आवृत्ती कंपनीच्या सपोर्ट पानावर आहे. बिघडायच्या आधी टाकलेली बरी.

उद्यमनगरी_बुश | शुक्रवार, दुपारी ४:४०

रच्याकने, माझ्या दुसऱ्या लॅपटॉपची बिजागरी प्लास्टिकसकट उपटून आली होती. दुकानात अख्खी बॉडी बदला म्हणाले. मी उद्यमनगरात जाऊन चार मिलीमीटरचे पितळी बुश लेथवर काढून घेतले, आत एम२ चा आटा पाडला आणि अरल्डाइटनं बसवले. तीन वर्षं झाली. लॅपटॉप जाईल, बुश राहतील.

टिचकी | शुक्रवार, ४:४२

सातबाऱ्यावर चढवा ते बुश.

शिरोलीकर_जॉबवर्क | पुढचा बुधवार, रात्री ९:१०

जोड आला, बसवला. टॅली आणि ड्रॉइंग एकदम उघडून ७४ अंश. पंख्याचा आवाज ऐकायला कान लावावा लागतोय.

एसएसडीत नऊ जीबी उरली होती. व्हॉट्सअपवरनं आलेली तीच ती ड्रॉइंग डाउनलोडमध्ये सात-सातदा. एक टीबीची टाकू का? कुठली?

पुण्यात_अडकलेला | बुधवार, ९:३०

टाक. पण महागातली जेन-फोर नको. टी४८० मध्ये ती ड्राइव्ह ज्या ट्रेमध्ये बसते तिथं दोनच लेन (डेटा जायच्या वाटा) येतात, म्हणून कितीही वेगवान घेतलीस तरी निम्म्यावर अडकते. साधी जेन-थ्री एनव्हीएमई भरपूर झाली. ट्रे आणि केबल तुझ्याकडं आहेच. विंडोजची चावी मशीनला बांधलेली असते, नवीन ड्राइव्हवर तेच एडिशन टाकलंस की नेटला जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. कुणी चावीचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नको.

शिरोलीकर_जॉबवर्क | त्यानंतरचा सोमवार, सकाळी ११:४५

विंडोज ११ कोरं टाकलं, एक टीबी ड्राइव्ह, रॅम १६. रॅमचा भाव ऐकून खरंच घाम फुटला, तरी नव्या लॅपटॉपच्या पाव खर्चात सगळं बसलं.

आता शेवटचं दुखणं. लेथ जुनी आहे, तिला प्रोग्रॅम आरएस-२३२ च्या, म्हणजे जुन्या सिरियल पोर्टानं जातो. त्यासाठी यूएसबीची छोटी केबल होती. विंडोज ११ मध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, आणि नावाच्या जागी असं लिहून येतंय की ही चिप २०१२ पासून बंद झालीय, विक्रेत्याला भेटा. विक्रेता कुठला शोधू? लेथ उभी आहे, जॉब पडून आहेत.

सोल्डरगन | सोमवार, दुपारी १२:००

केबल जुन्या चिपची, नाही तर तिची नक्कल. नवा ड्रायव्हर तिला मुद्दाम नाकारतो. ड्रायव्हर मागं नेण्याचा उपाय आहे, पण प्रत्येक अपडेटनंतर तो परत पुढं येणार आणि बरोबर डिस्पॅचच्या दिवशी येणार. एफटीडीआय कंपनीच्या चिपची केबल घ्या, कटकट मिटेल.

आणि एक विचारतो. लॅपटॉप लेथला खेटून ठेवता ना?

शिरोलीकर_जॉबवर्क | सोमवार, १२:०४

व्हय. केबल दोन मीटरचीच आहे. स्टुलावर ठेवतो.

सोल्डरगन | सोमवार, १२:२०

मग ही वाकळ वर्षभरात परत विणून होणार. आरएस-२३२ पंधरा मीटरपर्यंत खुशाल चालते, ९६०० च्या वेगाला तर काहीच अडचण नाही. लॅपटॉप केबिनमध्ये ठेवा आणि तिथून लेथपर्यंत शिल्डवाली केबल ओढा. स्पिंडलच्या मोटारीच्या वायरबरोबर एकाच पाइपात घालू नका.

दुसरं. लॅपटॉपच्या बॉडीला हात लावला की बारीक मुंग्या येतात का? दोन पिनी चार्जर किंवा अर्थिंग नसलेला बोर्ड असला की येतात. माणसाला त्या मुंग्याच, पण लॅपटॉप आणि लेथ यांच्यात केबल जोडताना तोच करंट पोर्टातून जातो आणि पोर्ट जळतो. केबिनच्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. केबल लावताना-काढताना दोन्हीकडची वीज बंद. पोर्टाला ऑप्टो-आयसोलेटर (दोन्हीकडची वीज एकमेकांपासून तोडून ठेवणारा भाग) लावला तर झोप चांगली लागेल.

शिरोलीकर_जॉबवर्क | सोमवार, १२:२५

मुंग्या येतात की. मला वाटायचं थंडीनं.

पावसाळी_गुरुजी | सोमवार, १:१०

आमच्याही येतात. आता वायरमनला बोलावतो.

शिरोलीकर_जॉबवर्क | तीन आठवड्यांनी, शनिवार, सायंकाळी ६:३०

वर आणतोय धागा, हिशेब द्यायला.

केबिनच्या बोर्डाला अर्थिंग नव्हतंच. वायर सॉकेटमध्ये आली होती, पण दुसरं टोक भिंतीत कुठंच जोडलेलं नाही. नवीन खड्डा मारून घेतला. मुंग्या गेल्या. बारा मीटर शिल्ड केबल, एफटीडीआयचा कन्व्हर्टर. प्रोग्रॅम केबिनमधनं जातोय, लेथवाला तिकडून अंगठा दाखवतो.

खटक्याची बॅटरी नवीन घेतली, मोठी, ७२ वॉट-अवरची. मागं टेकू दिल्यासारखा लॅपटॉप उचलतो, टायपिंगला उलट बरं पडतंय. पोटातली अजून जुनीच ठेवलीय. दिवसभर चार्जरवर असतो म्हणून लेनोवोच्या व्हँटेज प्रोग्रॅममध्ये चार्जिंगची हद्द ८० वर बांधली. बिटलॉकरची किल्ली छापून बायकोच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवली, खतावणीताई.

ज्या दुकानात मदरबोर्ड गेलाय म्हणाले होते, तिथंच पेस्टची ट्यूब घ्यायला गेलो होतो. "लॅपटॉप घेतला का नवीन?" विचारलं. व्हय म्हटलं.

सोल्डरगन | शनिवार, ७:०५

झकास. सहा महिन्यांनी झाकण एकदा उघडून नुसतं बघा. केबिनमध्येही तुमच्या कपड्यांवरनं भुकटी येतेच. तुटका जोड फेकला काय? त्यातली तांब्याची नळी चांगली असेल तर नेतो मी.

शिरोलीकर_जॉबवर्क | शनिवार, ७:१०

दादा, तो मिळायचा नाही. आमच्या हेल्परनं तो तारेनं कंप्रेसरच्या नळीच्या हुकाला बांधलाय. नळी काढायची म्हटलं की आधी तो हातात येतो.